गळे उत्तम, पण नव्या चाली कुठे आहेत? (क्रॉसओव्हर गायकांचे अलीकडचे अल्बम)

मंद्रसप्तक

गेल्या चार-पाच वर्षांत आलेले पुरुष गायकांचे बरेच क्रॉसओव्हर अल्बम लागोपाठ ऐकले. आंद्रेआ बोचेल्लीचा 'ड्युएट्स' (२०२४), जॉश ग्रोबनचे 'हार्मनी' (२०२०) आणि 'जेम्स' (२०२५), इल डिव्हो या गायकगटाचा मोटाउन या अमेरिकन सोल संगीताच्या कंपनीच्या गाण्यांचा अल्बम (२०२१), योनास काउफमानचा 'द साउंड ऑफ मूव्हीज' (२०२३), इल वोलोचा 'आद आस्त्रा' (२०२४). यातले सगळे गळे मला आवडतात, काही तर फारच. तरीही ऐकून झाल्यावर मन भरलं नाही. का भरलं नाही, याचा विचार करून हा धागा काढतेय.

क्रॉसओव्हर म्हणजे ऑपेराच्या तालमीत तयार झालेला, किंवा निदान त्या धाटणीने लावलेला आवाज, आणि गाणं मात्र सगळ्यांना पहिल्या ऐकण्यात भिडेल असं. बोचेल्ली १९९४ साली इटलीतल्या सानरेमोच्या गाण्यांच्या महोत्सवात नवोदितांमध्ये पहिला आला. पुढच्या वर्षी त्याच मंचावर त्याने 'कोन ते पार्तिरो' गायलं. चाल फ्रान्चेस्को सार्तोरीची, शब्द लुचो क्वारान्तोत्तोचे. हे गाणं तीस वर्षं टिकलं, ते का टिकलं हे एकदा नीट कान देऊन ऐकण्यासारखं आहे. सुरुवातीला आवाज खालच्या स्वरांत, जवळजवळ स्वतःशी बोलल्यासारखा. सूर फार हलत नाहीत, एकाच जागेभोवती घुटमळतात. मुखड्याच्या अलीकडे वाद्यवृंद भरायला लागतो आणि मुखड्याच्या पहिल्याच शब्दांवर आवाज एकदम उघडतो. तिथून पुढे लांब, सरळ, दमसास लागणारे स्वर. म्हणजे गायकाकडे काय आहे आणि काय नाही, हे चाल बांधणाऱ्याला नेमकं ठाऊक होतं. बोचेल्लीच्या खालच्या स्वरांत एक धुरकट हळवेपणा आहे आणि वरच्या स्वरांत धातूची चमक आहे. चालीने दोन्हींना आपापली जागा दिली. मधल्या पट्टीत त्याचा आवाज थोडा कोरडा होतो, तिथे ती फार वेळ थांबतच नाही.

आता 'ड्युएट्स' बघा. पहिल्या अल्बमला तीस वर्षं झाली म्हणून काढलेला. जुनी गाजलेली युगुलगीतं आहेत, आणि जुनीच गाणी नव्या जोडीदारांबरोबर पुन्हा गायलेली आहेत. शनाया ट्वेन आहे, कॅरोल जी आहे. ध्वनिमुद्रण सुंदर. पण 'वीवो पेर लेई' त्याने १९९५ साली जॉर्जाबरोबर गायलं होतं, तेव्हाच ते पूर्ण झालं होतं. ग्रोबनचा 'हार्मनी' बहुतांशी इतरांची जुनी गाणी, 'जेम्स' त्याच्या स्वतःच्या जुन्या गाण्यांचा संग्रह. इल डिव्हो मोटाउन, काउफमान चित्रपटगीतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की या प्रकाराची खरी भूक नव्या चालींची आहे. गायक मिळत आहेत. त्यांच्या गळ्याला ओळखून गाणं बांधणारा माणूस कमी पडतोय, किंवा त्याला कुणी बोलावत नाही.

आणि बोलावलं की काय होतं याचा दाखलाही बोचेल्लीचाच आहे. २०१८ चा 'सी'. चौदा वर्षांनी आलेला पूर्णपणे नव्या गाण्यांचा अल्बम. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये, दोन्हीकडे तो पहिल्या क्रमांकावर गेला. एवढ्या मोठ्या कारकिर्दीत त्याला हे आधी कधी जमलं नव्हतं. म्हणजे श्रोता तयार आहे.

तुम्हाला काय वाटतं? यातलं काही ऐकलं असेल तर जरूर लिहा.

चैत्रपालवी

छान धागा, ताई. 'ड्युएट्स' मीही ऐकला आणि मला तो आवडला, म्हणून थोडं वेगळं मत मांडते. साठी ओलांडलेल्या बोचेल्लीचा आवाज आता पूर्वीसारखा उंच झेपावत नाही, पण शब्द जास्त सावकाश ठेवतो. कॅरोल जीबरोबरच्या गाण्यात तो जवळजवळ मागे सरकून गातो, तिला पुढे येऊ देतो. हे तरुणपणी त्याने केलं नसतं. जुनं गाणं पुन्हा गाण्यात एवढं मिळत असेल तर मला चालेल.

आडाचौताल

ताई, तुमचं निदान मला पटत नाही. आपण शास्त्रीय संगीत ऐकणारी माणसं. एकच बंदिश शंभरदा ऐकतो आणि एकशे एकाव्या वेळी पुन्हा रांगेत उभे राहतो. 'जुनंच गातात' ही तक्रार आपल्या तोंडी शोभत नाही. ऑपेरातही तेच आहे. 'नेस्सून दोर्मा' १९२६ पासून गायलं जातंय, आणि प्रत्येक टेनर (उंच पट्टीचा पुरुष गायक) ते नव्याने सिद्ध करून दाखवतो. गाणं जुनं असण्यात दोष नाही, गायक त्यात काय ओततो ते बघायचं.

मंद्रसप्तक

आडाचौताल, मुद्दा वजनदार आहे, म्हणून सविस्तर लिहिते. बंदिश आपण शंभरदा ऐकतो कारण बंदिश हा आराखडा आहे, आणि तो भरायचं काम दर मैफलीत नव्याने होतं. आज आलापी वेगळी, उद्या बोलबनाव वेगळा. ऑपेराची अरिया, म्हणजे एका पात्राचं गाणं, पूर्ण लिहिलेली असते, पण ती नाट्यप्रसंगात गायली जाते. समोरचं पात्र, दिग्दर्शक, वाद्यवृंदाचा संचालक, त्या रात्रीचा आवाज, या सगळ्यांतून ती बदलते. क्रॉसओव्हर अल्बममधल्या पुनर्गायनात यातलं काहीच होत नाही. पट्टी तीच, संथ सुरुवात तीच, शेवटी तबल्याशिवायची तिहाई म्हणावी तसा तोच पट्टीबदल, तेच व्हायोलिनचे पूर. चैत्रपालवीने कॅरोल जीच्या गाण्यातलं जे दाखवलं ते खरं आहे, आणि तेवढी जागा मी पुन्हा ऐकेन. पण पूर्ण अल्बममध्ये अशा जागा किती?

ध्वनिवेधी

माझा व्यवसाय ध्वनिमुद्रणाचा आहे, त्यामुळे तांत्रिक बाजू मांडतो. मंद्रसप्तक यांचा मुद्दा तिथूनही सिद्ध होतो.

ऑपेराचा गायक माइकशिवाय साठ-सत्तर वाद्यांवरून दोन-तीन हजार माणसांपर्यंत पोहोचतो. कसा? नुसत्या जोराने हे होत नाही. वाद्यवृंदाची ताकद साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास एकवटलेली असते, वर जाऊ तशी उतरते. तालमीतला पुरुष गायक स्वरयंत्र खाली ठेवून आणि घशाची पोकळी विशिष्ट तऱ्हेने जुळवून ३००० हर्ट्झच्या आसपास ऊर्जेचा एक पुंजका तयार करतो. स्वीडनच्या योहान सुंडबर्ग यांनी १९७० च्या दशकात हे मोजून मांडलं. तिथे वाद्यवृंद क्षीण असतो, म्हणून आवाज आरपार जातो. आपण ज्याला 'धातूची चमक' म्हणतो ती हीच.

माइक आला की ही गरज संपते. तोंडापासून वीतभर अंतरावरचा चांगला कंडेन्सर माइक श्वास, ओठांची उघडझाप, अर्ध्या आवाजातला कंप, सगळं टिपतो. म्हणून क्रॉसओव्हर गायकाला दोन आवाज मिळतात. एक कानाशी कुजबुजणारा, एक छपरापर्यंत जाणारा. 'कोन ते पार्तिरो'चा पहिला अंतरा माइकशिवाय मोठ्या सभागृहात गायला तर तिसऱ्या रांगेपलीकडे शब्द कळणार नाहीत. ते गाणं माइक गृहीत धरूनच बांधलेलं आहे.

आता गोम इथे आहे. जुन्या लोकगीताला किंवा पॉप गाण्याला हा दुहेरी आवाज नुसता चढवला की तो वरून लावलेला वाटतो. मूळ गाण्याचा पल्लाच तेवढा नसतो. मग संयोजक काय करतो? शेवटी पट्टी वर सरकवतो, समूहस्वर घालतो, म्हणजे टेनरला उंच स्वर लावायला निमित्त मिळतं. ऐकणाऱ्याला नेमकं कळत नाही, पण कुठेतरी जाणवतं की हा कळस गाण्यातून आलेला नाही. इल डिव्होच्या पहिल्या यशात 'रेग्रेसा आ मी' होतं, म्हणजे टोनी ब्रॅक्स्टनचं 'अनब्रेक माय हार्ट' स्पॅनिशमध्ये. तिथे हे जमलं, कारण मूळ चालीतच मोठी चढण होती. दर गाण्यात ती नसते.

मडगावकार

ध्वनिवेधी, उत्तम माहिती. मी गोव्यातला, घरी कोंकणी, शाळा मराठी. आमच्याकडे चर्चच्या पॅरिश शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलं स्वरलिपी वाचायला शिकली, त्यामुळे टेनर, बास हे शब्द आमच्या घरात परके नाहीत.

मंद्रसप्तक बाय, तुमच्या मुद्द्याला गोव्यातून पुरावा देतो. मांडो घ्या. संवादी सुरांची रचना युरोपची, भाव आणि भाषा आमची. 'आदेउस कोर्चो वेळू पावलो' हा तोर्कातो द फिगेरेदो यांचा मांडो निरोपाच्या प्रसंगी आजही गायला जातो. त्यांनी तयार पोर्तुगीज गाणं उचलून त्यावर कोंकणी शब्द बसवले असते तर ते शंभर वर्षं टिकलं असतं का? नवी चाल बांधली, आपल्या माणसांच्या गळ्याला झेपेल आणि दोन आवाजांत समांतर चालेल अशी बांधली, म्हणून टिकलं. दोन परंपरा एकत्र आणायच्या तर मधे रचनाकार लागतोच. नुसता गायक ते ओझं पेलू शकत नाही.

रेडिओआजोबा

आमच्या तरुणपणी हा शब्द नव्हता, पण चीज होती. मारिओ लान्झा. 'बी माय लव्ह' हे गाणं निकोलस ब्रॉड्स्की आणि सॅमी कान यांनी त्याच्यासाठी, १९५० च्या चित्रपटासाठी बांधलं. त्यातला वरचा स्वर ऐकताना अंगावर काटा यायचा. ऑपेरा किती गायला लान्झा? रंगमंचावर फारच थोडा. पण त्याच्या गळ्याला साजेशी गाणी बांधणारे लोक स्टुडिओत पगारावर बसलेले होते.

त्याच्याही आधी रिचर्ड टाउबर. फ्रान्झ लेहार हा ऑपेरेटांचा, म्हणजे हलक्याफुलक्या ऑपेरांचा, मोठा रचनाकार, आणि टाउबर त्याचा लाडका टेनर. लेहारच्या नव्या ऑपेरेटात टाउबरसाठी एक खास गाणं असायचंच, लोक त्याला 'टाउबर लीड' म्हणत. १९२९ च्या 'दास लांड देस लेखेल्न्स' मधलं 'दाइन इस्ट माइन गान्झेस हेर्झ' हे त्यातलं सर्वांत गाजलेलं. टाउबर मोझार्टही उत्तम गायचा. त्याला कुणी म्हटलं नाही की तू हलकं गातोस म्हणून कमी आहेस. नाझी सत्तेवर आले, त्यांच्या गुंडांनी १९३३ साली बर्लिनमध्ये त्याच्यावर हल्ला केला, त्याला देश सोडावा लागला. शेवट लंडनमध्ये, १९४८ साली. ऐका कधीतरी, आवाज अजून ताजा आहे.

आडाचौताल

आजोबा, टाउबरबद्दल लिहिलंत, फार बरं वाटलं. काउफमानने २०१४ मध्ये याच काळातल्या गाण्यांचा 'डू बिस्ट दी वेल्ट फ्यूर मिष' काढला होता. माझ्या मते त्याचा तो सर्वांत चांगला हलका अल्बम आहे. 'द साउंड ऑफ मूव्हीज' त्यापुढे पातळ वाटतो. आता विचार केल्यावर जाणवतं की फरक गाण्यांचाच आहे. बर्लिनची ती गाणी टेनरसाठी जन्मलेली, चित्रपटातली बरीचशी तशी नाहीत. तेवढ्यापुरतं मंद्रसप्तक यांना अनुमोदन. बंदिशीबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे.

न्यूजर्सीची सई

ग्रोबनबद्दल मी लिहू का? त्याच्यावर इथे थोडा अन्याय होतोय असं वाटतं. १९९९ मध्ये ग्रॅमीच्या तालमीत बोचेल्ली येऊ शकला नव्हता, तेव्हा निर्माता डेव्हिड फॉस्टरने सतरा वर्षांच्या या मुलाला सेलीन डिऑनसमोर बदली म्हणून उभं केलं. तिथून सगळं सुरू झालं. 'यू रेझ मी अप' हे त्याचं सर्वांत ओळखीचं गाणंही मुळात सीक्रेट गार्डनचं, रोल्फ लोव्हलांडची चाल. म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपलंसं करण्यात त्याची ताकद पहिल्यापासून आहे.

पण त्याने नव्या गाण्यांचे प्रयत्न केले, हेही सांगायला हवं. २०१० चा 'इल्युमिनेशन्स' रिक रूबिनबरोबर केला, त्यात बहुतेक गाणी नवी, स्वतः सहभाग घेऊन लिहिलेली. २०१८ च्या 'ब्रिजेस'मध्येही तसंच. हे अल्बम लोकांनी फार डोक्यावर घेतले नाहीत. उलट २००७ चा नाताळच्या गाण्यांचा 'नोएल' त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक विकला गेलेला अल्बम ठरला. मग कंपनी काय करणार?

त्याचं खरं सोनं मला रंगभूमीवर दिसलं. २०२३ मध्ये ब्रॉडवेवर 'स्वीनी टॉड' पाहिलं. अल्बममध्ये ज्या आवाजाला आपण मऊ, गोड म्हणतो, तोच आवाज तिथे सूडाने पेटलेल्या माणसाचा होता. खालच्या स्वरांत एक गडद वजन होतं, जे त्याच्या कुठल्याच अल्बममध्ये कुणी वापरलेलं नाही. अल्बम बांधणाऱ्यांनी त्याला कायम टेनरच्या दिशेने वर ढकललं, आणि माणूस मुळात बॅरिटोन, म्हणजे टेनरपेक्षा खालच्या पट्टीचा, आहे. त्याआधी २०१६ मध्ये डेव्ह मलॉयच्या 'नताशा, पिएर'मध्येही तेच झालं. पिएरचं 'डस्ट अँड अॅशेस' हे गाणं आधीच्या छोट्या प्रयोगांत नव्हतं, नंतर त्या पात्रासाठी नव्याने बांधलं. ग्रोबनचं ते गाणं ऐका, आणि मग 'हार्मनी' ऐका.

मंद्रसप्तक

सई, मनापासून आभार. 'खालच्या स्वरांतलं वजन कुणी वापरलंच नाही' हे वाक्य मी लक्षात ठेवणार आहे. मला जे म्हणायचं होतं ते तू एका गायकाच्या बाबतीत नेमकं पकडलंस. 'इल्युमिनेशन्स' मी ऐकलाय. गाणी नवी आहेत हे खरं, पण त्यातल्या अनेक चाली कुणीही गाऊ शकेल अशा आहेत. नवी असणं पुरेसं नाही, त्या गळ्याची हवी. स्वतःच्या गळ्यासाठी चाल बांधणं हे गायकाला जमेलच असं नाही. आरसा लागतो, आणि तो आरसा बहुतेक वेळा दुसराच माणूस असतो.

आपल्याकडे हे किती सहज घडत आलं ते आठवा. 'कट्यार काळजात घुसली' १९६७ साली रंगभूमीवर आलं, संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं, खाँसाहेबांच्या भूमिकेत डॉ. वसंतराव देशपांडे. वसंतरावांचा तो अचाट, कुठून कुठे उडी घेईल सांगता न येणारा गळा, आणि त्याला मोकळं रान देणाऱ्या चाली. भीमसेनजींचं 'तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल' राम फाटकांनी बांधलं, अहिर भैरवाच्या अंगाने. त्यात ख्यालाचा पेच नाही, सामान्य वारकरी ते गुणगुणू शकतो. पण भीमसेनजींचा तो खर्जातून उसळणारा स्वर घेतल्याशिवाय ते उभं राहत नाही. शास्त्रीय गायक लोकांपर्यंत पोहोचला तो या चालींवर बसून. पु. लं.नी 'गुळाचा गणपती'साठी 'इंद्रायणी काठी'ची चाल दिली तेव्हाही तेच झालं.

आणि २०१५ च्या 'कट्यार' चित्रपटातसुद्धा फक्त जुन्या पदांवर भागवलं नाही. शंकर-एहसान-लॉय यांनी 'सूर निरागस हो', 'अरुणी किरणी' ही नवी गाणी दिली. महेश काळेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो 'अरुणी किरणी'साठी, म्हणजे नव्या गाण्यासाठी.

ध्वनिवेधी

यात एक जुना दाखला जोडतो. १९०४ मध्ये रुज्जेरो लेओन्काव्हालो या ऑपेरा रचनाकाराने ग्रामोफोन कंपनीसाठी मुद्दाम एक गाणं लिहिलं, 'मात्तिनाता'. त्याच वर्षी मिलानमध्ये एन्रिको कारुसोने ते कर्ण्यासमोर उभं राहून गायलं, पियानोवर स्वतः लेओन्काव्हालो. कर्ण्याच्या यंत्राला खालचे सूर आणि बारीक छटा पकडता येत नव्हत्या, टेनरचा मधला आणि वरचा भाग मात्र छान उमटायचा. 'मात्तिनाता'ची चाल बघा, बराचसा वेळ तिथेच खेळते. तबकडीच्या एका बाजूत बसेल एवढीच लांबी. म्हणजे गायक, यंत्र आणि श्रोता, तिघांचा विचार करून बांधलेलं गाणं. सव्वाशे वर्षांच्या आसपास होत आली, टेनर अजून ते गातात. या प्रकाराची सुरुवातच नव्या गाण्याने झाली आहे.

आडाचौताल

हे माहीत नव्हतं. फार सुंदर.

पेठेतली जुई

मी इथे सगळ्यांत लहान असेन बहुतेक, तरी लिहिते. तुम्ही सगळे चालीवर अडलात, पण नवेपणा साथीतूनही येऊ शकतो ना? याकुब यूझेफ ऑर्लिन्स्की ऐकला का कुणी? पोलंडचा काउंटरटेनर, म्हणजे बायकांच्या पट्टीत गाणारा पुरुष. पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात पावसात गायला आणि ब्रेकडान्स केला, तोच. २०२४ मध्ये त्याने पियानोवादक अलेक्झांडर डेंबिचबरोबर 'लेट्स बरॉक' नावाचा अल्बम काढला. गाणी सतराव्या-अठराव्या शतकातली, साथीला पियानो, सिंथेसायझर, बास आणि ड्रम. गायकी कुठेही पातळ केलेली नाही, आवाज तसाच शुद्ध ठेवलाय, फक्त खालची जमीन बदलली. मला बरोक संगीत याच्यामुळे कळायला लागलं. यात नवी चाल एकही नसली तरी अल्बम शिळा अजिबात वाटत नाही.

मंद्रसप्तक

जुई, लहान कसली, धाग्यातला सर्वांत चांगला प्रतिवाद तुझा आहे. ऑर्लिन्स्कीचा तो अल्बम मी ऐकलाय आणि तुझं म्हणणं मान्य आहे. पण तिथे डेंबिचने काय केलंय ते बघ. बरोक संगीतात खालचा बास लिहिलेला असतो आणि वरची भरण वादकाने आयत्या वेळी करायची असते. डेंबिचने तीच मोकळीक घेतली. म्हणजे रचनाकाराचं अर्धं काम त्याने केलंय. तो नुसता साथीदार उरत नाही. व्हायोलिनच्या पुराने गाणं भरून टाकणं आणि हे, यात मला फार मोठं अंतर दिसतं. असा माणूस बोचेल्लीला मिळाला असता तर 'ड्युएट्स'चं काय झालं असतं!

मडगावकार

तीन टेनरांचं नाव अजून कुणी काढलं नाही. ७ जुलै १९९०, रोममधलं काराकाल्लाचं स्नानगृह, विश्वचषक फुटबॉलच्या अंतिम सामन्याची आदली रात्र. पावारोत्ती, डोमिंगो, कारेरास, आणि संचालन आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता. कारेरास रक्ताच्या कर्करोगातून उठून आलेला. आज जो बाजार आपण बघतोय तो त्या रात्रीतून उभा राहिला. आणि तिथे तर सगळी जुनीच गाणी होती!

रेडिओआजोबा

जुनी होती, पण ते तिघं आपापल्या कलेच्या शिखरावर होते, आणि ती एक रात्र होती. पुढे तीच रात्र पुन्हा पुन्हा भरवली गेली. लॉस एंजेलिसला १९९४ मध्ये मी टीव्हीवर पाहिलं, तेव्हाच पहिली गोडी ओसरलेली वाटली.

झुबिन मेहतांचं नाव निघालं म्हणून सांगतो, बोचेल्लीच्या 'ला बोएम' आणि 'तोस्का' या संपूर्ण ऑपेरांच्या ध्वनिमुद्रणांचं संचालनही त्यांचंच. टीकाकारांनी बोचेल्लीला ऑपेरात फार झोडपलं, आवाज लहान म्हणून. ध्वनिवेधी यांनी वर लिहिलेलं वाचल्यावर मला ते जास्त नीट समजलं. माइकसमोर घडलेला गळा तो. त्याला त्याच्या जागी ऐकावं.

चैत्रपालवी

'त्याच्या जागी ऐकावं' याला शंभर टक्के अनुमोदन. माझ्या बाबांना ऑपेराचा गंध नाही, पण २०२० च्या ईस्टरला मिलानच्या रिकाम्या कॅथेड्रलमधून बोचेल्लीने गायलेलं त्यांनी टाळेबंदीत पूर्ण ऐकलं. फक्त ऑर्गनची साथ. तिथेही जुनीच गाणी होती, ताई. पण साथ इतकी उघडी होती की आवाज लपायला जागाच नव्हती.

न्यूजर्सीची सई

इल वोलोबद्दल कुणीतरी लिहा ना. माझ्या मुलीला ते तिघे फार आवडतात.

मंद्रसप्तक

लिहिते. पिएरो बारोने, इन्यात्सिओ बोस्केत्तो, जानलुका जिनोब्ले. २००९ मध्ये इटलीच्या टीव्हीवरच्या मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेतून एकत्र आले, तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचे होते. २०१५ मध्ये 'ग्रान्दे आमोरे' गाऊन सानरेमो जिंकलं आणि त्याच वर्षी व्हिएन्नातल्या युरोव्हिजन या गाण्यांच्या स्पर्धेत प्रेक्षकांच्या मतांत पहिले, एकूण तिसरे आले. 'ग्रान्दे आमोरे' पुन्हा एकदा स्वतंत्र गाणंच, कव्हर नाही. तीन आवाजांची वाटणी त्यात स्वच्छ आहे. जानलुकाचा बॅरिटोन सुरुवातीला जमीन घालतो, पिएरोचा टेनर शेवटी कडी चढवतो.

'आद आस्त्रा'मध्ये त्यांनी पुन्हा नव्या गाण्यांची वाट धरली, म्हणून यादीतल्या सगळ्या अल्बमांत मला त्याच्याबद्दल सर्वांत जास्त आपुलकी वाटते. सगळी गाणी जमली आहेत असं नाही. दोन-तीन ठिकाणी तिघंही एकाच वेळी ताकदीने गातात आणि शब्द हरवतात. पण 'कापोलाव्होरो', जे त्यांनी २०२४ च्या सानरेमोत गायलं, त्यात मुखड्याआधीची चढण छान बांधली आहे. प्रयत्न दिसतो. तुझ्या मुलीला सांग, तिची निवड चांगली आहे.

पेठेतली जुई

मग ज्याने यातलं काहीच ऐकलं नाही त्याने सुरुवात कुठून करावी? मैत्रिणीला पाठवायचं आहे, ती फक्त अरिजित ऐकते.

मंद्रसप्तक

तिला आधी 'परफेक्ट सिंफनी' पाठव, २०१७ चं, एड शीरन आणि बोचेल्ली. शीरनचं गाणं तिला बहुधा माहीत असेल. संयोजन शीरनच्या भावाचं, आणि बोचेल्लीसाठी इटालियन शब्द नव्याने लिहिलेले. गाणं जुनं असूनही तिथे दोन वेगळ्या तऱ्हांचे गळे एकमेकांना जागा देतात. मग 'सी'मधलं 'फॉल ऑन मी', बोचेल्ली आणि त्याचा मुलगा मात्तेओ. मुलाचा आवाज हलका, श्वासाने भरलेला, बापाचा घट्ट. दोघांची पट्टी एक असूनही पोत किती वेगळा आहे हे हेडफोन लावून ऐकायला सांग. त्यानंतर 'मीझेरेरे', झुक्केरोचं, पावारोत्तीबरोबरचं, १९९२. रॉक गायकाने टेनरसाठी जागा ठेवून बांधलेलं गाणं. याच गाण्याच्या कच्च्या मुद्रणात टेनरचा भाग तेव्हा अनोळखी असलेल्या बोचेल्लीने गायला होता आणि तो ऐकूनच पावारोत्तीचं त्याच्याकडे लक्ष गेलं.

हे तिन्ही आवडले तर आजोबांचा टाउबर.

ध्वनिवेधी

टाउबर ऐकताना १९२५ नंतरची, म्हणजे विजेच्या माइकवरची मुद्रणं निवडा. 'दाइन इस्ट माइन' त्यातच येतं. आणि आवाज फार 'स्वच्छ' केलेल्या नव्या आवृत्त्या शक्यतो टाळा. खरखर काढताना ३००० हर्ट्झच्या वरचं बरंच काही कापलं जातं, आणि टाउबरचा अर्धा गोडवा तिथेच असतो.